उशिरा परत येणारा आवाज



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका मुलीचा फोन आला. अकरावीत आहे, वर्षभरापासून गिटार शिकते. म्हणाली, "ताई, तुमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी जी गिटार वाजते ना, तिचा इको मला मोबाइलच्या ॲपमध्ये काही केल्या जमत नाही. ॲपमधला अगदी स्वच्छ येतो. तुमचा जरा मळका आहे, पण तोच गोड लागतो. असं का?"

मळका हा शब्द मला फार आवडला. फोनवर मी तिला दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

ती गिटार एका पेटीतून गेलेली आहे. पेटी काळी, लोखंडी, एकोणीस इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच. समोर लाल दिव्यांचे आकडे, काही बटणं, काही फिरवायचे खटके आणि दोन्ही कडांना स्क्रूची भोकं. अशा पेट्या एकावर एक मांडणीत बसवतात, तिला रॅक म्हणतात. एकोणीस इंचांचं हे माप संगीतवाल्यांचं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये यंत्रं बसवायला ते ठरलं, मग रेडिओ केंद्रांत आलं, मग रेकॉर्डिंग स्टुडिओत. आमची पेटी १९८० च्या दशकातली, जपानी बनावटीची. गणपतीत आणि लग्नाच्या हंगामात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या एका काकांनी हात थकल्यावर ती केंद्राला देऊन टाकली. दिली तेव्हा ती मेलेली होती. ती जिवंत कशी झाली ते शेवटी सांगते, कारण त्यात माझी मावशी आहे आणि मावशीबद्दल घाईत बोललेलं तिला चालत नाही.

आधी इको म्हणजे काय ते बघू. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. समोर १७ मीटरवर कडा असेल, तर तुमची हाक जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली असेल त्यांना हे सांगायला नको. आता मंडपात या. स्टेजवर बाई बोलताहेत आणि मागच्या लोकांसाठी ३४ मीटरवर आणखी एक कर्णा लावलाय. कर्ण्यापर्यंत वीज तारेतून जाते, ती क्षणात पोचते. बाईंचा खरा आवाज हवेतून येतो, तो सेकंदाचा दहावा भाग उशिरा. मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि एकही नीट कळत नाही. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली गटिंगेन विद्यापीठात यावरच प्रबंध लिहिला. दुसरा आवाज थोडक्याच उशिराने आला तर कान दोन्ही मिळून एकच आवाज मानतो, आणि जो आधी पोचला त्याच्याच दिशेने तो आला असं धरतो. मुद्दा हा, की मागच्या कर्ण्याला थोडं थांबवून ठेवायची काही सोय हवी. आवाज थांबवून ठेवणं म्हणजेच डिले. गिटारवाल्यांचा इको या थांबवण्यातूनच येतो, हे पुढे कळेल.

पहिली सोय टेपची. टेपरेकॉर्डरमध्ये एक हेड आवाज टेपवर लिहितं आणि पुढचं हेड तो वाचतं. टेप एका हेडापासून दुसऱ्यापर्यंत जायला जो वेळ लागतो तोच उशीर. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकत असेल आणि हेडं दोन इंच लांब असतील, तर आवाज पाव सेकंदाहून किंचित उशिरा परत येतो. अमेरिकेत लेस पॉल आणि त्याची बायको मेरी फोर्ड या दोघांनी १९५० च्या सुमारास टेपवर आवाजावर आवाज चढवण्याचे असे प्रयोग केले, की ऐकणारे चक्रावले. मेरी फोर्ड गायची आणि गिटारही वाजवायची. एकटीच्याच आवाजाचे चार पदर. नाव मात्र लोकांच्या तोंडी लेस पॉलचंच राहिलं. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचं पहिलं प्रसिद्ध झालेलं गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्या काळातली त्याची ती झटकन मागे येणारी चापट टेपचीच. पुढे इटलीचं बिन्सन एकोरेक, इंग्लंडचं वॅटकिन्स कॉपीकॅट, अमेरिकेचं एकोप्लेक्स आणि १९७४ मध्ये जपानच्या रोलँडचं स्पेस एको आलं. या यंत्रांतली टेप झिजते, मळते, गुंडाळते, आणि प्रत्येक परतीच्या आवाजात ती झीज उतरते. (कॅसेट पेन्सिलने गुंडाळलेल्या पिढीला जास्त सांगायला नको.) बिन्सनमध्ये टेपऐवजी फिरती चुंबकी चकती होती, पण लिहायचं नि वाचायचं तत्त्व तेच.

दुसरी सोय १९६९ मध्ये नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडली. सँगस्टर आणि टीअर या दोघांची. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहतात आणि घागरी हातोहात पुढे देतात, तसा हा प्रकार. चिपमध्ये हजारो छोट्या जागा एका रांगेत असतात. आवाजाचा विजेतला अंश पहिल्या जागेत भरायचा, तो दुसरीत ओतायचा, दुसरीतून तिसरीत. शेवटच्या जागेपर्यंत पोचायला लागणारा वेळ म्हणजे उशीर. त्या चिपचं इंग्रजी नावही आगीच्या बादल्यांच्या रांगेवरूनच पडलं. आता तुम्हीच सांगा, शंभर हातांतून गेलेल्या घागरीतलं पाणी तेवढंच राहतं का? हिंदकळतं, सांडतं. या यंत्रांचा इको म्हणूनच बोथट, घरगुती, थोडा कांबळ्याखालून आल्यासारखा. पुष्कळांना अजूनही तोच आवडतो.

तिसरी सोय आकड्यांची, आणि आमची पेटी त्या घराण्यातली.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आवाज म्हणजे वर-खाली जाणारी वेलांटी. ती तशीच्या तशी साठवता येत नाही, म्हणून तिच्यावर ठरावीक अंतराने ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपका किती उंचीवर आहे तो आकडा लिहून ठेवायचा. काही वेळाने आकडे वाचायचे, ठिपके परत टाकायचे आणि ते जोडून वेलांटी काढायची. गाणं नीट उतरायला सेकंदाला साधारण ४०,००० ठिपके लागतात. प्रत्येक ठिपक्याची उंची त्या काळच्या चांगल्या पेटीत १२ बिटांत लिहीत. १२ बिट म्हणजे ४,०९६ पायऱ्या. (पुढे सीडीत १६ बिट आले, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या.)

आता गृहिणीचा हिशोब. एक सेकंदाचा आवाज थांबवून ठेवायला ४०,००० गुणिले १२, म्हणजे ४ लाख ८० हजार बिटांची जागा. इंटेल कंपनीने १९७० मध्ये मेमरीची जी गाजलेली चिप काढली तिच्यात १,०२४ बिट मावत. म्हणजे एका सेकंदासाठी सुमारे ४७० चिपा! एवढ्या चिपा कोण घेणार? १९८२ च्या आसपास ६५,५३६ बिटांची चिप बाजारात रुळली. तेच काम आठ चिपांत आलं. गिटारच्या डिलेचा इतिहास मला कोणी एका ओळीत विचारला, तर मी हा हिशोब सांगेन. कोणाच्या प्रतिभेने काय झालं ते खरंच आहे, पण आधी मेमरी स्वस्त झाली.

सुरुवात तर गिटारसाठी झालीच नव्हती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयटीचे प्राध्यापक फ्रान्सिस ली हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणावर काम करत होते. त्यासाठी विजेचा संदेश आकड्यांत बदलून थोडा वेळ धरून ठेवणारं मंडल त्यांनी बनवलं. बॅरी ब्लेसर नावाच्या सहकाऱ्याने सुचवलं, यातून आवाज घालून बघा ना. त्यातून १९७१ मध्ये डेल्टा टी हे यंत्र आणि लेक्सिकॉन ही कंपनी उभी राहिली. थांबवण्याची ऐपत होती सेकंदाच्या दहाव्या भागाची. म्हणजे मघाचा तो मागचा कर्णा! अशा यंत्रांचं सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक सभागृहांचे ध्वनिक्षेपकच होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका स्टुडिओच्या तळघरात इव्हेंटाइड ही दुसरी कंपनी सुरू झाली. तिच्या टोनी ॲग्नेलोने १९७० च्या दशकाच्या मध्याला एच ९१० हे यंत्र केलं, ते आवाज थांबवायचं आणि त्याची पट्टीही बदलायचं. न्यूयॉर्कच्या एका टीव्ही वाहिनीला ते हवं होतं कशाला? जाहिरातींना जागा करायला ती जुनी विनोदी मालिका थोडी जलद दाखवत असे, त्यामुळे बायकांचे आवाज चिमणीसारखे व्हायचे, ते खाली आणायला.

आणि आपल्या रेडिओवाल्यांचं एक. थेट कार्यक्रमात फोनवर कोणी शिवी दिली तर? याच इव्हेंटाइडने १९७७ मध्ये त्यासाठी डिजिटल यंत्र काढलं. निवेदिकेचा नि श्रोत्याचा आवाज काही सेकंद उशिराने हवेत जातो. शिवी आली की एक बटण दाबायचं, तेवढा साठलेला तुकडा गळून पडतो. आमच्या टेबलावर असं बटण नाही. श्रोते सज्जन आहेत म्हणून चाललंय.

गिटारवाल्यांच्या हाती ही यंत्रं खऱ्या अर्थाने आली १९८० च्या आसपास. लेक्सिकॉनचं प्राइम टाइम, मग पीसीएम ४१ आणि गॅरी हॉलने घडवलेलं पीसीएम ४२. इंग्लंडमध्ये बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात विमानउद्योगातून आलेल्या दोन अभियंत्यांनी काढलेल्या एएमएस कंपनीचं यंत्र. जपानच्या कोर्गचं एसडीडी ३००० आलं १९८२ मध्ये, रोलँडचं एसडीई ३००० पुढच्या वर्षी. डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकचं २२९० आलं १९८५ मध्ये. नावं रुक्ष आहेत, औषधाच्या गोळ्यांसारखी. पण गिटार वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात यातलं एक नाव काढून बघा, चहा गार होईपर्यंत विषय बदलणार नाही.

मग मळकेपणा कुठून आला? आकड्यांचं यंत्र तर स्वच्छ हवं.

एक तर, १२ बिटांच्या पायऱ्या मोठ्या. मोठ्या आवाजाला चालून जातात, पण तार विझत आली की तो बारीक आवाज दोन-चार पायऱ्यांवरच खुरडत चालतो आणि खरखर ऐकू येते. त्यावर अभियंत्यांनी युक्ती केली. आवाज आत जाण्याआधी दाबायचा, म्हणजे हळूचा मोठा आणि मोठ्याचा जरा हळू करायचा, आणि बाहेर येताना तेवढाच परत फुलवायचा. उन्हाळ्यात गोधड्या ट्रंकेत दाबून भरतो, पावसाळ्यात काढून झटकतो, तसं. झटकली तरी गोधडीची घडी जाते का पूर्ण? तीच घडी आपल्याला ऐकू येते. सूर उमटताना किंचित फुगतो, विझताना किंचित श्वास टाकतो. ॲपमध्ये ट्रंक एवढी मोठी आहे की गोधडी दाबावीच लागत नाही.

दुसरं, ठिपके. दोन ठिपक्यांच्या मधे वेलांटी फार वेळा वळली, तर ठिपक्यांना ते कळत नाही आणि जोडताना भलतीच वेलांटी निघते. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तीच चूक. म्हणून अति बारीक, टोकदार आवाज आधीच चाळणीने काढून टाकत. ही चाळणी साध्या विजेच्या भागांची, अचूक नव्हे. काढायचं ते काढायची आणि जाता जाता उरलेल्यालाही हात लावायची. शिवाय बहुतेक पेट्यांत परत आलेला आवाज पुन्हा इको द्यायला पाठवताना तो आकड्यांतून बाहेर येऊन, विजेच्या साध्या रूपात, पुन्हा चाळणीतून आणि पुन्हा ट्रंकेतून जात असे. पहिला इको लखलखीत, दुसरा जरा मऊ, पाचवा संध्याकाळच्या उन्हासारखा. ॲपमध्ये पाचवाही पहिल्यासारखाच लखलखीत येतो, फक्त हळू. खऱ्या डोंगरात असं होत नाही, आणि आपला कान डोंगरात घडलेला आहे.

तिसरं मला सगळ्यात सुंदर वाटतं. पीसीएम ४२ सारख्या यंत्रात मेमरी ठरलेली, म्हणजे ठिपके मोजकेच. उशीर वाढवायचा तर काय करणार? तेवढेच ठिपके लांब लांब टाकायचे. पाच किलो रांगोळीत अंगणही काढायचं आणि गल्लीही. ठिपके विरळ झाले की बारीक वळणं सुटतात, आवाज अंधारतो. आणि साठवणं चालू असताना कोणी खटका फिरवला, तर आत गेलेले ठिपके ज्या वेगाने गेले त्याहून वेगळ्या वेगाने बाहेर येतात आणि सूर लाडवासारखा घरंगळत खाली जातो किंवा वर चढतो. हाच वेग यंत्राने आपोआप, अगदी थोडा, मागे-पुढे डोलवला, की इको किंचित सुराच्या अलीकडे-पलीकडे राहतो. पॅट मेथिनी या अमेरिकन गिटारवादकाने दोन डिजिटल डिले असेच अगदी थोड्या उशिराने, थोडे डोलवत, आपल्या मूळ आवाजाच्या दोन बाजूंना ठेवले. एका गिटारचं अंगण झालं. नव्या संगणकी इकोत हे डोलणं मुद्दाम गणित करून घालावं लागतं. इथे ते यंत्राच्या गरिबीतून आलं होतं.

वाजवणाऱ्यांमध्ये सगळ्यात ठळक उदाहरण आयर्लंडच्या यू टू या बँडच्या गिटारवादकाचं. डेव्हिड इव्हान्स, पण जग त्याला 'द एज' म्हणतं. सुरुवातीला त्याच्याकडे घागरीवालं यंत्र होतं, पुढे कोर्गचं एसडीडी ३०००. १९८७ च्या त्यांच्या गाजलेल्या संग्रहाच्या पहिल्या गाण्यात तो काय करतो? ज्यांनी तबला शिकलाय त्यांनी बोटांवर मोजा. एका मात्रेचे चार भाग करा. तो पहिल्या आणि तिसऱ्या भागावर वाजवतो. यंत्र प्रत्येक सूर तीन भागांच्या उशिराने परत देतं. म्हणजे पहिल्याचा जबाब चौथ्यावर पडतो आणि तिसऱ्याचा पुढच्या मात्रेच्या दुसऱ्यावर. रिकामी जागा बरोबर भरली! हात दोनच सूर वाजवतो आणि ऐकू येतात चार. लय मिनिटाला १२६ मात्रांच्या आसपास धरली तर एक मात्रा ४७६ मिलिसेकंदांची, तिचे तीन भाग ३५७. खटका एवढ्यावर लावायचा. जरा चुकला की सगळी लेझीम विस्कटते. तो एकटा वाजवतच नाही, यंत्राशी जुगलबंदी करतो, आणि यंत्र कधी दमत नाही. त्या पेटीबद्दल वादक आणखी एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे इको बंद असतानाही नुसतं तिच्या पुढच्या भागातून गेल्याने गिटार खणखणीत होते. म्हणजे नावाजलेल्या डिजिटल आवाजातला एक वाटा आकड्यांचा नव्हताच.

एडी व्हॅन हॅलन रोलँडचं यंत्र वापरायचा, वगैरे वगैरे. पुरुषांची ही यादी लांबवता येईल, पण पुढे पुरुषांबरोबर दोन बायकाही येतात, त्यांच्याकडे जाऊ.

लॉरी अँडरसन. न्यूयॉर्कची कलावंत. १९८१ मध्ये तिने इव्हेंटाइडच्या यंत्रात स्वतःचा 'हा' एवढाच उच्चार पकडला आणि तो फिरत ठेवला. हा, हा, हा, हा. आठेक मिनिटं तो श्वास थांबत नाही आणि त्यावर ती आई, उत्तर देणारं यंत्र, विमानं, सत्ता यांबद्दल बोलत राहते. नुसत्या श्वासाचा ठेका! हे गाणं इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

दुसरी पॉलीन ऑलिव्हेरॉस. ही गिटारवाली नव्हे, अकॉर्डियनवाली, म्हणजे आपल्या पेटीची मावसबहीण गळ्यात घालून वाजवणारी. १९३२ ते २०१६. तिने १९६० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डर दूर ठेवून एकच टेप दोघांतून फिरवली आणि काही सेकंदांपूर्वीच्या स्वतःबरोबर वाजवायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात तिने टेप सोडून लेक्सिकॉनची पीसीएम ४२ घेतली आणि पायाने उशीर कमी-जास्त करत वाजवू लागली. मघाचं ते सूर घरंगळणं इतरांना कधी चूक वाटे, हिने त्यालाच वाद्य केलं. १९८८ मध्ये ती आणि तिचे सहकारी वॉशिंग्टन राज्यातल्या एका जुन्या किल्ल्याच्या जमिनीखालच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरले. तिथे सोडलेला सूर ४५ सेकंद घुमतो. म्हणजे यंत्रांनी जे शिकवलं ते घेऊन ती परत काँक्रीटच्या टाकीत गेली.

आता मावशी.

अंधेरीला १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं, त्याला सगळे सीप्झ म्हणतात. माझी मावशी तिथल्या एका कारखान्यात १९७९ पासून चौदा वर्षं होती. तिच्या बोर्डांचा गिटारशी काही संबंध नाही, ते टेलिफोनच्या उपकरणांचे. बायकांची ओळच्या ओळ, समोर भिंग, हातात सोल्डरची कांडी. एका पाळीत इतके बोर्ड झालेच पाहिजेत. मुलाखतीत साहेबाने हातच बघितले होते, म्हणे. "बायकांची बोटं नाजूक, हे काम बायकांनाच जमतं." मावशी म्हणते, "बोटं नाजूक म्हणून घेतलं, आणि नाजूक काम म्हणून पगारही नाजूक दिला." चाळिशीच्या आतच तिची नजर गेली, म्हणजे जवळचं धूसर झालं. मग तिला पॅकिंगला टाकलं.

हे बोलणं साहेबाच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक म्हणून गाव आहे, नावाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात. तिथे फेअरचाइल्ड कंपनीने १९६५ ते १९७५ चिपा जोडण्याचा कारखाना चालवला. हजाराच्या वर नावाहो माणसं कामाला, बहुतेक बायका. कंपनीच्या १९६९ च्या माहितीपत्रकात नावाहो गालिचा आणि चिपची नक्षी शेजारी शेजारी दाखवली होती. या बायका पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करतात, तेव्हा चिपा जोडणं त्यांच्या रक्तातच आहे, असा त्याचा सूर. रक्तातच असलेल्या कसबाला शिक्षण म्हणावं लागत नाही, आणि शिक्षण नसलेल्याला मजुरी कमी चालते. १९७५ मध्ये आदिवासी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि कंपनीने तो बंदच करून टाकला.

तेव्हा ४७० चिपांचं काम आठ चिपांवर आलं, मेमरी स्वस्त झाली, असं मी मघाशी म्हटलं, त्या 'स्वस्त'मध्ये हेही धरा. गिटारच्या डिलेच्या इतिहासात वादकांची नावं येतात, अभियंत्यांचीही येऊ लागलीत. भिंगामागच्या ओळीतलं एकही नाव मला सापडलेलं नाही.

आमच्या पेटीचं झालं होतं असं, की ती ११० व्होल्टवर चालणारी. काका नेहमी मधे ट्रान्सफॉर्मर लावत. एका मंडपात घाईत कोणीतरी ती सरळ आपल्या २३० च्या सॉकेटात घातली. धूर आला, संपलं. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं, "ताई, भंगारात टाका. एवढ्याच पैशात चांगलं नवं येईल." त्याचं अगदीच चूक नव्हतं. रोलँडच्याच बॉस या शाखेने १९८३ मध्ये एसडीई ३००० साठी बनलेली चिप वापरून पायाने दाबायची मुठीएवढी डिजिटल पेटी काढली, तेव्हाच रॅकचे दिवस भरले होते. आणि गंमत म्हणजे, कोर्गने २०१४ मध्ये आणि बॉसने २०२३ मध्ये आपापल्या त्याच जुन्या रॅकच्या आवाजाची नवी पायपेटी काढली. ज्या खोडी काढायला अभियंत्यांनी वर्षं घालवली, त्या आता मोजून मापून परत घालतात. खऱ्या जुन्या पेट्या मात्र एकेक करून मरताहेत. आतल्या काही चिपा आता कुठे बनत नाहीत.

मी पेटी मावशीकडे नेली. खरं तर दाखवायला नेली होती. तिने चष्म्यावर भिंग चढवलं, झाकण काढलं आणि आधी मला दटावलं, वायर काढलीस तरी आत वीज साठलेली असते, हात घालू नकोस. (हे तुम्हालाही लागू आहे.) मग बराच वेळ ती नुसती बघत बसली. म्हणाली, "हातकाम चांगलं आहे ग. ही बघ, या कोपऱ्यातली जोडणारी डावरी होती. सगळ्या पायांचा कल एका बाजूला आहे." मला काही दिसेना. तिला दिसत होतं.

फ्यूज गेलेला. वीजपुरवठ्याचे दोन कपॅसिटर फुगलेले. एक रेग्युलेटर जळलेला. आकड्यांच्या भागाला धक्का लागलाच नव्हता, फ्यूजने जाता जाता घर वाचवलं होतं. लॅमिंग्टन रोडवरून भाग आणले, सगळे मिळून तीनशे रुपयांच्या आत. मावशीने ते दोन संध्याकाळींत बसवले. हात थोडा थरथरतो, पण कांडी बोर्डाला टेकली की थांबतो. जुना सोल्डर उचलून घेताना ती तोंडाने हलकेच फुंकर घालते, दूर जावा म्हणून. चौदा वर्षांची सवय.

ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं, लाल आकडे आले. भाच्याची गिटार होती, तिची एक तार मी छेडली. टंग, टंग, टंग, टंग, दर वेळी थोडी लांब, थोडी मऊ. मावशीने चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, हा खटका कशाचा? मी म्हटलं, फिरवून बघ. तिने फिरवला. आतला सूर घरंगळत खाली गेला, अगदी जिन्यावरून भांडं गडगडावं तसा, आणि मावशी पदर तोंडाला लावून इतकी हसली की आतल्या खोलीतून काका काय झालं म्हणून बघायला आले.

तुम्ही संध्याकाळी ऐकता ती गिटार त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रित केली. आणि त्या अकरावीतल्या मुलीला सांगायचंय, शनिवारी चारनंतर केंद्रावर ये, गिटार घेऊन ये. मावशीही येणार आहे.